नऊवारीतली नायिका, ८ जीबीचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा आणि त्याचा मित्र मिळून मोबाइलसाठी गेम करतायत. मित्र युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहितो, पात्रं करायची जबाबदारी याच्याकडे. नायिका नऊवारीत, हातात दांडपट्टा. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तीन आठवडे हा माया, थ्रीडीएस मॅक्स, ब्लेंडर आणि झीब्रश या थ्रीडी सॉफ्टवेअरची तुलना करणारे व्हिडिओ बघतोय. एका क्लासने लाखाच्या घरातली फी सांगितली आहे, एका मित्राने झीब्रशची क्रॅक केलेली कॉपी देऊ केली आहे. ‘नेमकं काय शिकू आणि काय विकत घेऊ?’

घाईत असाल तर उत्तर इथेच घ्या. ब्लेंडर शिका. हाडं (पात्राला आतून हलवणारा सांगाडा) आणि हालचाली मिक्सामो या वेबसाइटवरून घ्या. रंगकामाला ब्लेंडर आणि क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर पुरे. खिशातून पैसे जायचेच असतील तर ते एका साध्या पेन टॅबलेटवर जाऊ द्यात. क्लास आत्ता नको, क्रॅक तर नकोच. मात्र हे उत्तर तुमच्या या गेमपुरतं आहे. उद्या म्हणालात की गेम राहू दे, मला स्टुडिओत कॅरेक्टर आर्टिस्टची नोकरी हवी आहे, तर मी वेगळं सांगेन. त्याबद्दल पुढे बोलते.

मी पंधरा वर्षं हेच काम करते, आधी जाहिरातींसाठी, मग गेमसाठी. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा बाइक घेताना मायलेज विचारावं तशी सॉफ्टवेअरची तुलना करत असतात. अडचण अशी आहे की पात्र करणं हे एक काम नाही. आकार घडवायचा, त्यावर हलकी जाळी विणायची, ती उलगडून सपाट करायची, रंगवायची, आत हाडं बसवायची, कुठलं हाड किती कातडी ओढेल ते ठरवायचं, हालचाल द्यायची, आणि शेवटी गेममध्ये नेऊन ते धड चालतंय का बघायचं. झीब्रश यातल्या पहिल्या कामाचा राजा आहे, हाडांच्या कामाला त्याला कुणी विचारत नाही. सब्स्टन्स पेंटर फक्त रंगवतो. मार्व्हलस डिझायनर फक्त कपडे शिवतो. माया हाडं आणि हालचालींत मुरलेलं आहे. तेव्हा ‘माया की झीब्रश’ हे ‘कढई चांगली की पोळपाट’ असं विचारण्यासारखं झालं. आधी जेवायला काय करायचंय?

म्हणून मी कायम शेवटाकडून सुरुवात करते. फोन आडवा धरलाय, स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल. कॅमेरा जरा लांब, नायिका स्क्रीनच्या एक तृतीयांश उंचीची, असं धरू. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत ३६० पिक्सेल. डोकं उंचीच्या साडेसातव्या भागाएवढं धरलं तर अख्खा चेहरा ४८ पिक्सेलांत आला. नाक, डोळे, कुंकू, नथ, सगळं त्यातच. आता सांगा, नथीतला एकेक मोती झीब्रशमध्ये कोरून काय होणार? त्या नथीच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेल येणार आहेत.

एवढ्या हिशोबावरून बाकीचं बरंच ठरून जातं. अशा मुख्य पात्राला मी पाच ते आठ हजार त्रिकोण (जाळी यांचीच बनते) आणि १०२४ पिक्सेलांचं एक टेक्स्चर, म्हणजे अंगावर चिकटवायचं चित्र, देते, शत्रूंच्या गर्दीला त्याच्या निम्म्याहून कमी. गोष्ट सांगताना कॅमेरा चेहऱ्याजवळ जाणार असेल तर हिशोब बदलेल, हे कबूल. पण ते तुमच्या मित्राला आधी विचारा, मनाने धरून चालू नका. पहिल्या नोकरीत मी एका मोबाइल गेमसाठी सरदाराचं चिलखत केलं होतं. दोन महिने लागले. एकेक कडी कोरलेली, ४०९६ ची तीन टेक्स्चर. प्रोग्रॅमरने निमूटपणे ती ५१२ वर आणली, दोन फोन माझ्या हातात दिले आणि म्हणाला, कुठल्या फोनवर तुझं मूळ काम आहे ते ओळख. मला ओळखता आलं नाही.

उलट उदाहरण १९९६ सालचं आहे. पहिल्या प्लेस्टेशनवरच्या क्रॅश बँडिकूटचा नायक ५१२ पॉलिगॉनचा, म्हणजे जाळीच्या तुकड्यांचा, होता आणि त्याच्या अंगावर टेक्स्चर जवळजवळ नव्हतंच, पॉलिगॉनना थेट रंग दिलेला. तो स्क्रीनवर इतका लहान दिसायचा की एकेक पॉलिगॉन मोजक्या पिक्सेलांचा पडे, त्यावर चित्र चिकटवून काही दिसलंच नसतं. ते काम करणाऱ्यांनी आधी स्क्रीन मोजली होती.

आता साडी. तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे. कपड्यांसाठी सगळे तुम्हाला मार्व्हलस डिझायनर सुचवतील. ते शिंप्यासारखं चालतं: कापडाचे तुकडे बेतायचे, कडा एकमेकींना शिवायच्या, पुतळ्यावर सोडायचे, की वजनाने आपोआप चुण्या पडतात. अंगरखा, झब्बा, सुरवार असल्या कपड्यांना त्याला तोड नाही. पण नऊवारीला शिवणच नसते. ती सव्वाआठ मीटरची सरळ पट्टी, तिला रूप येतं ते नेसणाऱ्या हातांनी. कमरेला गाठ, निऱ्या, मधलं कापड पायांतून मागे, काष्टा खोचलेला, पदर खांद्यावरून आणून पुन्हा कमरेला. मी एकदा ती अख्खी पट्टी सॉफ्टवेअरमध्ये नेसवायचा घाट घातला होता. चार दिवस गेले. काष्टा ओढायला लागलं की समोरच्या निऱ्या सुटायच्या, निऱ्या धरून ठेवल्या की काष्टा मांडीत घुसायचा. पाचव्या दिवशी आजीचं लुगडं कपाटातून काढलं, आईकडून चापूनचोपून नेसवून घेतलं आणि बहिणीला सगळीकडून फोटो काढायला लावले. उभी, एक पाय पुढे टाकलेली, उकिडवी बसलेली. ते फोटो समोर ठेवून ब्लेंडरमध्ये हाताने साडी केली, दीड दिवसात.

फोटोंवरून दोन गोष्टी कळल्या, त्या तुम्हाला आयत्या देते. काष्ट्यामुळे नऊवारी रिगला, म्हणजे हाडांच्या सांगाड्याला, धोतरासारखी वाटते. प्रत्येक पायाचं कापड त्या त्या पायाबरोबर जातं, त्यामुळे धावताना मांडी कापडातून बाहेर येण्याचा प्रकार फारसा होत नाही. सहावारी असती तर घागऱ्यासारखी स्थिती झाली असती आणि तुम्ही महिनाभर रडला असतात, तेव्हा नायिका निवडताना नशीब चांगलं होतं म्हणा. दुसरी गोष्ट, उकिडवं बसल्यावर किंवा लांब उडी घेताना सगळा ताण मागे काष्ट्याच्या खोचणीपाशी येतो. जाळीच्या जास्तीच्या ओळी तिथे घाला, गुडघ्याला तीन ओळी ठेवा, पोटरीवर मात्र हात आखडता घ्या. निऱ्या घडी घडी करून मॉडेल करू नका. सपाट पृष्ठावर रंगानेच गडद-फिकट पट्टे ओढा, ३६० पिक्सेलांत त्या निऱ्याच दिसतात. पदराच्या टोकाला आणि समोरच्या निऱ्यांना एकेक जास्तीचं हाड द्या आणि मित्राला सांगा की कोडने ते शरीराच्या किंचित मागून हलू दे. फोनवर खरं कापड हलवायच्या फंदात पडू नका.

दांडपट्ट्याचं प्रकरण आणखी मजेदार आहे. पट्टा म्हणजे मुठीत धरलेली साधी तलवार नव्हे. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी आवरणात जातो, मूठ आत आडवी असते, त्यामुळे मनगट वळत नाही, वार कोपरातून आणि खांद्यातून निघतो. मिक्सामोवर तलवारीच्या हालचाली भरपूर आहेत, पण त्यांत मनगट मोकळेपणाने फिरतं. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने शस्त्र पंजाच्या हाडाला जोडलंत तर पातं मनगटाबरोबर वाकडं होईल, आणि कोल्हापूरचं मर्दानी खेळ बघत वाढलेलं कुठलंही पोर ते पाहून हसेल. पट्टा कोपर ते मनगट या हाडाला जोडा. मिक्सामोत त्याचं नाव राइट फोरआर्म असं येतं. पट्टा कायम हातात राहणार असेल तर त्या हाताचा पंजा मॉडेलमधून चक्क उडवा. आवरणाच्या आत कोण बघतंय? पाच बोटांचे त्रिकोण वाचतील आणि वाकलेली बोटं लोखंडातून बाहेर डोकावणार नाहीत. फक्त हे मिक्सामोतून रिग करून आणल्यावर करा, कारण तिथे मनगटावर खूण ठेवावी लागते. आणि पंजाचं हाड काढू नका. युनिटीच्या ह्युमनॉइड (माणसासारख्या) रिगला किमान १५ हाडं लागतात, त्यांत दोन्ही पंजे येतात.

वरचं सगळं ब्लेंडरमध्ये होतं, मायामध्येही होतं. मग ब्लेंडरच का? तुमच्यासाठी पहिलं कारण पैसे, दुसरं कारण साखळीतलं जवळजवळ प्रत्येक काम त्यात एकाच ठिकाणी होतं. प्रत्येक कामात ते पहिल्या नंबरचं नाही, पण कुठेच नापासही होत नाही, आणि एकट्या माणसाला तेच हवं असतं. फुकट आहे म्हणून हलकं असेल ही शंका असेल तर, २००२ साली ते चालवणारी कंपनी गुंडाळली गेली तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स खुला करून घेतला होता. तेव्हापासून ते वाढतच आहे. ब्लेंडरच्या परवान्याचा तुमच्या मॉडेलवर काही हक्क नाही, गेम विका, पैसे तुमचेच. शिकताना एक काळजी घ्या. जुलै २०१९ मध्ये २.८० आवृत्ती आली आणि दिसणं, बटणं, अगदी निवडायचं क्लिकसुद्धा उजव्याचं डावं झालं. त्याआधीचे व्हिडिओ बघाल तर अर्धा दिवस नसलेलं बटण शोधण्यात जाईल.

ब्लेंडर ते युनिटी या वाटेवर दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडले आहे. पहिला आकाराचा. नायिका युनिटीत आली की तिच्या रिगवर स्केल १०० आणि उणे ९० अंशांचं फिरणं दिसतं. दिसायला ती ठीकच असते, पण मित्र तिला काही जोडायला गेला की पट्टा ताडाएवढा होतो. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड, युनिटीत वाय, आणि मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी एफबीएक्स फाइल मनातल्या मनात सेंटिमीटर मोजते, त्याचा हा परिणाम. हाडं घालण्याआधी कंट्रोल-ए दाबून स्केल आणि रोटेशन पक्कं करा, आणि एक्स्पोर्ट करताना अप्लाय स्केलिंग्जमध्ये ‘एफबीएक्स ऑल’ निवडा, म्हणजे निदान त्या १०० चा त्रास संपतो. दुसरा खड्डा नॉर्मल मॅपचा, म्हणजे सपाट पृष्ठावर उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्राचा, तुम्ही तो वापरलात तर. ब्लेंडर आणि युनिटी तो एकाच पद्धतीने वाचतात, अनरियल हे युनिटीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर उलट. अनरियलसाठी केलेला व्हिडिओ बघून तशीच सेटिंग केलीत तर पट्ट्यावरचे खिळे बाहेर आल्यासारखे दिसायच्या ऐवजी आत दबलेले दिसतील. त्या चित्रातला हिरवा चॅनल उलटा केला की झालं. मी मात्र पहिल्या वेळी दोन रात्री दिवे फिरवत बसले होते.

झीब्रशबद्दल एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही लॅपटॉपवरून घाबरला आहात. झीब्रश ग्राफिक्स कार्डावर अवलंबून नसतं, सगळं काम प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. म्हणजे तुमच्या मशीनवर ते अगदीच चालणार नाही असं नाही, उलट ब्लेंडरपेक्षा जास्त बारीक कोरता येईल. ब्लेंडरला ८ जीबी ही किमान गरज आहे, त्यावर दहा-बारा लाख तुकड्यांपुढे ब्रश अडखळायला लागतो असा माझा अनुभव. पण वरचा ४८ पिक्सेलांचा हिशोब आठवा. तुम्हाला एवढं बारीक कोरायचंच नाहीये, मग क्रॅकची उठाठेव कशाला? २०२१ च्या शेवटी मॅक्सॉन या कंपनीने ते विकत घेतल्याचं जाहीर झालं, आता ते मुख्यतः वर्गणीवर मिळतं. पुढे कधी जवळून दिसणारं पात्र करायची वेळ आली तर त्या एका महिन्याची वर्गणी भरा. क्रॅकमध्ये नैतिकता बाजूला ठेवली तरी दोन धोके आहेत. असल्या फाइलबरोबर काय काय मशीनमध्ये येतं ते कळत नाही, आणि तुमच्या गेमचा कोड त्याच लॅपटॉपवर असतो. शिवाय गेम विकायला लागलात आणि कुणी विचारलं तर उत्तर नाही.

रंगकाम पटकन उरकते. सब्स्टन्स पेंटर उत्तमच आहे, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय तो तुम्हाला रडवेल. ब्लेंडरच्या आत थरांवर थर देऊन रंगवायला युकूपेंट नावाचं मोफत ॲडऑन आहे, आणि पैठणीचा काठ किंवा पदरावरची बुट्टी क्रिटामध्ये सपाट काढून लावता येते. काठाची एकच पट्टी काढा आणि साडीभर तीच फिरवा.

नोकरीचं म्हणाल तर चित्र वेगळं. मी पाहिलेल्या स्टुडिओंत माया, झीब्रश आणि सब्स्टन्स ही तिकडी अजून मागतात, कारण तिथे पात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं आणि सगळ्यांची फाइल एकमेकांना उघडता यावी लागते. विद्यार्थी म्हणून माया तुम्हाला फुकट मिळू शकतं, फक्त त्यात केलेलं काम विकता येत नाही, त्यामुळे या गेमचं पात्र त्यात करू नका, सरावापुरतं ठेवा. आणि एका सॉफ्टवेअरवर लाख रुपये लावताना हे लक्षात असू द्या: मी हाडं बसवायला शिकले ते सॉफ्टिमेज या थ्रीडी सॉफ्टवेअरवर. २०१४ मध्ये जाहीर झालं की त्याची पुढची आवृत्ती शेवटची. बटणं कुठे होती ते मी आता विसरले आहे. कोपर वाकताना जाळी कुठे चेंगरते, ते मात्र तिथेच शिकले आणि आजही रोज कामाला येतं. क्लास लावायचाच असेल तर शिकवणाऱ्याला गेममध्ये धावणारं एक पात्र दाखवायला सांगा. नुसती सुंदर उभी चित्रं दाखवली तर घरी या.

या शनिवार-रविवारी एवढंच करा. ब्लेंडरमध्ये चौकोनी डब्यांची बाई करा, डोकं डबा, हात डबे, पाय डबे. चेहरा, साडी, रंग काही नको. फक्त सगळे डबे जोडून एक अखंड जाळी करा, हात आडवे पसरलेले ठेवा. ती मिक्सामोवर चढवा, हनुवटी, मनगटं, कोपर, गुडघे आणि जांघ इथे खुणा ठेवा, धावण्याची एक हालचाल उतरवून घ्या, एफबीएक्सने मित्राकडे द्या आणि तुमच्याच फोनवर चालवा. ती वाकडी पळेल, आडवी पडून पळेल, कदाचित खोलीएवढी होऊन पळेल. जिथे अडेल तिथलं नेमकं वाक्य लिहून ठेवा आणि मला विचारा, तेव्हा कुठलं जास्तीचं सॉफ्टवेअर लागतं का ते बोलू. पट्ट्याचं लवचीक पातं किती हाडांचं करायचं हाही तुमचा प्रश्न होता. डब्यांची बाई फोनवर सरळ धावेपर्यंत ते पातं काठीसारखं ताठच राहू दे.